रात्रीचं बघा

राणीच्या बागेत झाडांचं प्रदर्शन होतं,
पाचगणीचा नर्सरीवाला सुटे मोजता मोजता म्हणाला,
"दिवसाचं काही नाही ताई,
दिवसा ही तोंड मिटून बसतात.
श्वास घेतात रात्री. तेव्हा गार लागतं.
रात्रीचं बघा."
आणि सात कुंड्या त्याने कालच्या पेपरात गुंडाळून दिल्या,
खारीच्या पुड्यांसारख्या.

मी रक्तपेढीत आहे, परळला, एकोणीस वर्षं.
दोन ते सहा अंश. दर चार तासांनी नोंद, खाली सही.
सहाच्या वर आकडा गेला की अख्खं कपाट संशयित.
त्यामुळे घरीही हात गप्प बसत नाही.
ग्रिलला सुतळीने तापमापक बांधला,
गेल्या सालच्या डायरीत रकाने आखले.

टिळकनगर, चौथा मजला, पश्चिमेची खिडकी.
१८ एप्रिल. दुपारी तीन: अडतीस. चालेल.
रात्री अकरा: सदतीस.
चष्मा पुसला. सदतीसच.
माझ्या काखेत लावला असता तर एवढंच दाखवलं असतं.

कोरफडीचं काही नाही, ती आधीपासूनची,
तिला काय लागतं हे कुणी कधी विचारलेलं नाही.
पण एचेव्हेरिया,
राखाडी-निळी, कोबीच्या पिल्लासारखी,
ती बुडापासून मऊ पडत चालली,
बोट लावलं तर उतरलेल्या चिकूसारखी पचकन.
तिला बाथरूमच्या खिडकीत नेलं.
माठाच्या आडोशाला ठेवलं.
रुखवतातली परात काढून ओल्या वाळूवर विटा रचल्या.
एकदा तर, सांगायला लाज वाटते,
फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात, घड्याळ लावून पाऊण तास.
आमचे हे म्हणाले, "आता तिचा रक्तगटही काढ."

मग एका रात्री ग्रिलबाहेर हात काढला
आणि खालून गरम झळ, इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी येते तशी.
तिसऱ्या मजल्याच्या एसीचा डबा,
छज्ज्याला अडून त्याची सगळी वाफ
सरळ माझ्या सात कुंड्यांवर.

जिना उतरताना बोलणी जुळवली:
नियम, सोसायटी, शेजारधर्म, झालंच तर पर्यावरण.
दार उघडलं यतीश कोटियनने.
अंगावर घोंगडी, डोक्याला कानटोपी. एप्रिलात.
मागे सोफ्यावर त्याची आई, दोन रजयांच्या आत,
बाहेर फक्त नाक आणि नाकातली खड्याची फुली.
"आंटी, रिमोट गेलाय. सोळावर अडकलाय.
स्विच बंद केला तर दोन दिवस चालूच होत नाही.
मेकॅनिक सोमवारी येतो म्हणतो,
कुठल्या सोमवारी ते सांगत नाही."
त्याच्या आईने तिसरी रजई माझ्याकडे सरकवली.
आम्ही तिघांनी दात वाजवत चहा प्यायला.
पर्यावरण राहूनच गेलं.

आमचा एसी मेला त्याला तीन वर्षं झाली. कंपनी तीच.
रिमोट टीव्हीखालच्या खणात,
अंगावर अजून नव्याची प्लास्टिकची पिशवी,
आतले सेल पाझरून हिरवे.
ते खरवडले, नवे बसवले, खाली नेला.
टीं.
सव्वीस.
कोटियनबाईंनी रजई डोक्यावरून मागे सारली,
तेव्हा कळलं, आत त्यांनी अबोलीचा गजरा माळला होता.

२९ एप्रिल. रात्री अकरा: एकतीस.
पहाटे दोन: तीस.
तीस म्हणजे पाचगणी नव्हे.
एचेव्हेरिया तोवर गेलीच होती,
तिच्या रकान्यात मी 'बाद' लिहिलं
आणि खाली सही केली, कुणी मागितली नसताना.

आता रोज रात्री अकराला खालच्या खिडकीतून हाक येते,
"किती झाला?"
तापमान 'झालं' असतं, 'झाला' नसतं,
हे त्यांना चाळीस वर्षं मुंबईत राहून पटलेलं नाही.
मी ग्रिलमधून वाकून आकडा सांगते.
थोडा वेळ काहीच नाही.
कुणाचा तरी कुकर, लांबवर.
मग खालून:
टीं.